शेजारी झोपलेत आणि गिटार रेकॉर्ड करायचीय

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेलो, की इलेक्ट्रिक गिटार घरी रेकॉर्ड करायला ॲम्प लागतोच असं नाही, वायर सरळ कॉम्प्युटरला जोडूनही काम होतं. त्यावर इतकी पत्रं आली की संपादक म्हणाले या महिन्यात दुसरा विषयच नको. त्यातली सहा घेतलीयत. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय म्हणून कुणाचीच छापत नाही, फक्त गाव. आणि मंडळी ते 'आदरणीय सर' नका लिहू हो, मी दिवसा ऑफिसात बिलं पास करतो आणि रात्री दार लावून गिटार वाजवतो, एवढंच.

सांगली: दादा, मी इंजिनियरिंगच्या सेकंड इयरला आहे. 9 हजारात सेकंडहँड गिटार घेतली. मोठ्या पिनेची छोटी पिन करणारा कन्व्हर्टर 40 रुपयाला आणला आणि लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घातला. आवाज येतो पण गोधडीखालून आल्यासारखा. गिटारवाल्याने फसवलं का मला? बजेट 5 हजार, त्यातही मेसचे पैसे आहेत.

गिटार बरी असणार रे, भोक चुकलंय. पिकअपमध्ये, म्हणजे तारांखाली बसवलेल्या त्या चुंबकाच्या पट्टीत, केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात, साध्या सिंगल कॉइलमध्येसुद्धा सात-आठ हजार, त्यामुळे त्यातून निघणारा सिग्नल म्हणजे अगदी मरतुकडा जीव. असं समज की गच्चीवरच्या टाकीतून एकच बारीक पाइप खाली आलाय आणि खालच्याने तिन्ही नळ पूर्ण सोडून ठेवलेत, मग प्रेशर कुठून राहणार. लॅपटॉपचं माइकचं भोक म्हणजे तो नळ सोडणारा. त्याचा इनपुट असतो काही हजार ओहमचा आणि गिटारला हवा साधारण 10 लाख ओहमचा, म्हणजे एक मेगओहमचा, जो सिग्नलकडे नुसतं बघेल, ओढणार नाही. ओढला की सगळ्यात आधी ट्रेबल जातो, तारेची ती चकाकी जाते, आणि मागे राहते तुझी गोधडी. वर ती माइकची जागा छोट्या माइकसाठी स्वतःचं थोडं व्होल्टेजही बाहेर सोडत असते, ज्याचं गिटारला काही काम नाही.

तर 5 हजारात एकच वस्तू घे, ऑडिओ इंटरफेस, म्हणजे गिटार आणि कॉम्प्युटरच्या मध्ये बसणारा यूएसबीचा छोटा डबा. बेरिंगरचा यूएम2, नाहीतर त्याचा थोरला भाऊ यूएमसी22, नाहीतर एम-ऑडिओचा एम-ट्रॅक सोलो, ज्या आठवड्यात जो स्वस्त दिसेल तो. बघायचं एवढंच की एखाद्या भोकाशेजारी 'इन्स्ट' लिहिलंय का किंवा गिटारचं चित्र आहे का, तेच ते 10 लाख ओहमवालं भोक. सेकंडहँड मिळाला तर अजून उत्तम, लॉकडाऊनमध्ये पॉडकास्ट काढायला निघालेल्या मंडळींचे डबे अजून विकायला येतायत. फोकसराइटचा स्कार्लेट सोलो चांगलाच आहे, मी स्वतः तोच वापरतो, पण त्याला दुप्पट-अडीचपट पैसे पडतात आणि आत्ता तुला ऐकू येईल असा फरक तेवढ्या पैशांचा नाही. उरलेल्या पैशात नव्या तारा टाक, सेकंडहँड गिटारवरच्या तारा आधीच्या मालकाच्या घामाने काळ्या पडलेल्या असतात आणि कुठलंही सॉफ्टवेअर त्या गोऱ्या करत नाही.

ऑनलाइन हजार-बाराशेला एक वायर दिसेल, एका टोकाला गिटारची पिन आणि दुसऱ्याला यूएसबी. मी अशा दोन घेतल्या होत्या, एक बरी चालली, दुसरीत पहिल्या दिवसापासून बारीक शिट्टी वाजायची. गेनचं, म्हणजे आत येणारा सिग्नल कमी-जास्त करायचं, बटण नसतं, म्हणजे जोरात वाजवल्यावर सिग्नल फाटला तर तुझ्या हातात काहीच नाही. घेऊ नको असं नाही म्हणत, पण लॉटरी आहे.

आणि इंटरफेस आला की पहिल्या संध्याकाळी तुझा मला मेल येणार की 'दादा डबा खराब निघाला, लाइट लागतो पण रेकॉर्ड होत नाही', म्हणून आधीच सांगतो. या छोट्या डब्यांवर गिटारचं भोक बहुतेक वेळा दोन नंबरचं असतं आणि सॉफ्टवेअर आपणहून एक नंबर ऐकत बसतं. ट्रॅकवर इनपुट 2, मोनो असं निवड. मग आयुष्यात जेवढ्या जोरात वाजवशील तेवढ्या जोरात सगळ्या तारांवर हात मार आणि गेन असा ठेव की मीटर उणे 12 च्या आसपास थांबेल. लाल दिवा एकदाही लागता कामा नये, भरपूर लेव्हल म्हणजे भारी रेकॉर्डिंग हे कॅसेटच्या काळातलं डोक्यातून काढ.

पैसे जमेपर्यंत जुगाड हवा असेल तर मित्राकडे बॉस कंपनीचा एखादा पेडल, म्हणजे पायाने दाबायचा इफेक्टचा डबा, आहे का बघ, ट्यूनर असला तरी चालेल. पायाने त्याचा इफेक्ट बंद केलेला असतानाही गिटारचा सिग्नल आतल्या बफरमधून जातो, आत जाताना मेगओहम आणि बाहेर येताना हजारेक ओहम, म्हणजे तो मरतुकडा जीव जेवून-खाऊन बाहेर पडतो. पुढे कॉम्प्युटरला लाइन-इन असेल, जुन्या डेस्कटॉपला मागे निळं भोक असतं बघ, तर त्यात घाल. गोधडी बऱ्यापैकी उतरेल.

डोंबिवली: मी 43 वर्षांची, मुलगी बारावीला, त्यामुळे घरात आवाज बंद. इंटरफेस घेतला. साधा आवाज छान येतो, पण फुकटचं डिस्टॉर्शन प्लगइन (आवाज मुद्दाम फाडणारं सॉफ्टवेअर) लावलं की डासांची टोळी कानात शिरल्यासारखं होतं. व्हिडिओवाली मुलं म्हणतात पिकअप बदला, 8 हजार सांगितलेत.

ताई, ते 8 हजार कपाटात ठेवा आणि कपाटाला कुलूप लावा. तुमच्या सगळ्या जुळणीत स्पीकरच नाहीये, रोग तोच आहे.

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, गणपतीच्या ऑर्केस्ट्रात आपण जो गिटारचा आवाज ऐकत मोठे झालो त्यातला निम्मा आवाज त्या 12 इंची कागदाच्या कोनचा असतो. तो कोन घरच्या म्युझिक सिस्टिमसारखा नसतो, साधारण 5 हजार हर्ट्झच्या वर तो जवळजवळ गातच नाही. आणि डिस्टॉर्शन काय करतं, तर सिग्नलची टोकं कापून पार वरपर्यंत नवे नवे स्वर तयार करतं, कानाला टोचणारे. ते सगळं स्पीकर गिळून टाकतो. चहा उकळून गाळला नाही तर जे तोंडात येईल ते तुमच्या कानात येतंय. गाळणी लावा.

या गाळणीला म्हणतात आयआर, म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स. एखाद्या खऱ्या स्पीकरच्या पेटीसमोर खरा माइक ठेवून त्या दोघांचा मिळून जो काही ठसा घेतात ती एक इवलीशी वेव्ह फाइल असते, साध्या गाण्याच्या फाइलसारखीच, पण काही मिलिसेकंदांची. फुकट भरपूर मिळतात. ती लोड करायला इग्नाइट ॲम्प्सचा नादआयआर नावाचा फुकट लोडर आहे (नाद हे नाव त्यांनी आपल्यासाठीच ठेवलंय अशी माझी आपली समजूत). डिस्टॉर्शनच्या नंतर तो लावायचा, आधी नाही. उकळायच्या आधी कोण गाळतं?

पण आज मला कुणी एकच गोष्ट सांगायला लावली तर मी न्यूरल ॲम्प मॉडेलर सांगीन. लोक त्याला नाम म्हणतात, पूर्ण फुकट, ओपन सोर्स. खऱ्या ॲम्पमध्ये एक ठरावीक सिग्नल सोडून बाहेर काय येतं ते कॉम्प्युटरला शिकवतात आणि ती शिकवणी एका फाइलमध्ये येते. टोन3000 नावाच्या साइटवर लोकांनी आपापल्या महागड्या ॲम्पच्या अशा फाइली वाटून ठेवल्यात, लाख-दीड लाखाचा ॲम्प आपल्याला जन्मात परवडला नसता तो दोन मिनिटांत डोंबिवलीत. आयआर लावायची जागा त्यातच आहे. फक्त एक चूक सगळे करतात, मीही दोन आठवडे केली. काही फाइली नुसत्या ॲम्पच्या असतात आणि काही स्पीकर-माइकसकट. स्पीकरसकटच्या फाइलला वर आणखी आयआर लावला की दोनदा गाळलं जातं, मग तुम्ही लिहाल की आता आवाज कोंदला. वर्णन वाचून घ्या. लॅपटॉप जुना असेल आणि आवाज तुटत असेल तर त्याच ॲम्पच्या हलक्या फाइली बघा, 'फेदर' किंवा 'नॅनो' असं लिहिलेलं असतं.

आणि गेन तुम्हाला वाटतो त्याच्या निम्म्यावर ठेवा. एकटीने वाजवताना पातळ वाटेल, ड्रम आणि बेसबरोबर ऐका मग कळेल. 80 हर्ट्झच्या खालचं सगळं कापा, तुमची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली तरी 82 च्या आसपास असते, त्याच्या खाली असतो तो फक्त घरातला गडगडाट आणि मिक्सरवर चाललेली चटणी.

नाशिक: सगळं जोडलंय, रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टाकलंय, पण तार छेडली की आवाज मागून येतो, जणू दुसराच कोणी वाजवतोय. नवे ब्लूटूथ हेडफोन घेतलेत, 6 हजाराचे, त्यामुळे हेडफोनचा प्रश्न नसावा.

हेडफोनचाच प्रश्न आहे. ब्लूटूथला आवाज पॅक करायला, पाठवायला, उघडायला सेकंदाचा दीड-दोन दशांश सहज लागतो, कधी जास्तच, सिनेमा बघताना तो मागेपुढे करून जुळवून घेता येतो पण वाजवताना नाही. ते हेडफोन ट्रेनमध्ये वापरा. घरी कुठलेही वायरवाले, इंटरफेसच्या भोकात.

त्यानंतरही उशीर उरेल तो ड्रायव्हरचा. विंडोज असेल तर रीपरच्या सेटिंगमध्ये एएसआयओ, म्हणजे कमी उशिराचा ऑडिओ ड्रायव्हर, निवडा. इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर असेल तर तोच, नसेल तर एएसआयओफॉरऑल, तो फुकट आहे. मॅकवाल्यांना ही डोकेदुखी नाही. मग बफर साइज बघा, म्हणजे कॉम्प्युटर आवाजाचे किती नमुने एकदम गोळा करून पुढे ढकलतो तो आकडा. तो 1024 असेल तर सेकंदाला 44,100 नमुन्यांच्या हिशेबाने नुसत्या एका बाजूचे 23 मिलिसेकंद झाले, 128 केलात तर तीनच. येताना-जाताना दोन्हीकडे, वर यूएसबीचं थोडं, असं धरून दहाच्या आसपास आलात तर गप्प वाजवत बसा. हवेत आवाज एका मिलिसेकंदात 34 सेंटिमीटर जातो, म्हणजे स्टेजवर ॲम्प साडेतीन मीटर लांब असला तरी तेवढाच उशीर असतो आणि तिथे कुणी तक्रार करत नाही. 128 वर आवाज टिचकायला लागला तर 256. रेकॉर्डिंग संपलं, मिक्सिंग सुरू झालं, की खुशाल 1024 करा.

डब्यावर 'डायरेक्ट मॉनिटर' बटण (गिटार कॉम्प्युटरमध्ये न फिरवता सरळ हेडफोनला देणारं) असेल तर प्लगइनचा आवाज ऐकताना ते बंद, नाहीतर कोरी गिटार आधी आणि ॲम्पवाली मागून अशा दोन्ही ऐकू येतात.

रीपर 60 दिवस पूर्ण चालतं, मग 60 डॉलरचं लायसन्स. घ्या हो ते, पुढे कधीतरी, इतकी वर्षं वापरल्यावर माझं मलाच लाजल्यासारखं झालं तेव्हा मी घेतलं. ट्रॅकवर लावलेला इफेक्ट त्यात रेकॉर्डिंगमध्ये भाजला जात नाही, आत कोरी गिटारच साठते, म्हणून आज आवडलेला ॲम्प उद्या नावडला तर नुसता बदला, पुन्हा वाजवावं लागत नाही. डायरेक्ट रेकॉर्डिंगचा सगळ्यात मोठा फायदा माझ्या मते हाच.

पुणे: पेठेत जुन्या बिल्डिंगमध्ये राहतो. थांबलो की हम्म असा आवाज, तारांना हात लावला की कमी होतो. वायर दोनदा बदलली.

वायर निर्दोष आहे. हात लावल्यावर कमी होतो म्हणजे गिटारचं वायरिंगही बहुतेक ठीक आहे, तारा ब्रिजमधून अर्थला जोडलेल्या असतात आणि तुम्ही हात लावला की तुमचं शरीर अँटेना व्हायचं थांबतं. हात लावल्यावर वाढत असता तर काळजी. आणि कधी तारांना किंवा लॅपटॉपच्या पत्र्याला झिणझिणी लागली तर त्या दिवशी वाजवणं बंद आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यायचं. हम्म जातो म्हणून तीन पिनेच्या प्लगची अर्थची पिन कापायचा सल्ला कुणी दिला तर त्या माणसाशी बोलू नका.

आता शोध घ्या. लॅपटॉपचा चार्जर काढा, बॅटरीवर चालवा, निम्म्या घरांत इथेच संपतं. नाही संपलं तर पंख्याकडे बघा. गोल, सलग फिरणारा रेग्युलेटर असेल तर तो विजेची लाट चिरून पंखा हळू करतो आणि ती चिरफाड पिकअपमधून घरघर होऊन ऐकू येते, तो फुल करा नाहीतर बंद. एक ते पाच खटक्यांचा असेल तर बहुतेक त्रास देत नाही. चोकवाली ट्यूबलाइट, फोनचा चार्जर, फ्रिज सुरू होतानाचा टक, हे सगळे पाहुणे सिंगल कॉइलला आवडतात. हमबकर असेल तर बराच कमी होतो, त्यात दोन कॉइल उलटसुलट जोडून 50 हर्ट्झला एकमेकांकडून मारून टाकतात, नावच त्यावरून पडलंय.

माझ्या खोलीत हे सगळं करून उरलेली भुणभुण मी फिरत्या स्टुलावर बसून शोधली. गिटार मांडीवर, गेन चढवलेला, आणि स्टूल हळूहळू फिरवत जायचं. खिडकीकडे तोंड केलं की मोहोळ उठायचं, कपाटाकडे थोडं कमी, आणि एका जागी येऊन एकदम शांत. कॉइल विजेच्या चुंबकीय क्षेत्राला ज्या कोनात कमीत कमी दिसते तो कोन तिथे होता. ती जागा म्हणजे बरोबर देवघर. तेव्हापासून सगळी डिस्टॉर्शन मी देवाकडे तोंड करून वाजवतो, आईला वाटतं मुलगा सुधारला.

मडगाव: मी 68 वर्षांचा, तरुणपणी लग्नांत, फेस्ताला बँडमध्ये वाजवायचो. तेव्हाचा 30 वॉटचा व्हॉल्व्हचा ॲम्प अजून चालू आहे. स्पीकरची वायर काढून ती इंटरफेसला लावली तर खरा आवाज मिळेल ना? ॲम्पशिवाय गिटार मला खोटी वाटते.

काका, थांबा, लावली नसेल अशी आशा करतो! स्पीकरच्या वायरीत 30 वॉटला 8 ओहमच्या हिशेबाने पंधरा व्होल्टच्या वर येतं, इंटरफेसची सवय एक-दोन व्होल्टची. डबा जाईल ते जाईलच, पण व्हॉल्व्हचा ॲम्प स्पीकर काढून वाजवला तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि एवढ्या जुन्या ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर आता शोधून मिळणं कठीण. स्पीकर कायम जोडलेला ठेवा. मागे लाइन आउट असेल तर ते चालेल. नसेल तर बेरिंगरचा जीआय100 नावाचा डीआय बॉक्स मिळतो, तो ॲम्प आणि स्पीकरच्या मध्ये बसतो, स्पीकर वाजत राहतो आणि बाजूने माइकच्या लेव्हलचा सिग्नल इंटरफेसला जातो, आत स्पीकरची नक्कल करणारं सर्किटही आहे. पण मग आवाज होणारच, आणि आवाज होणारच असेल तर सरळ एसएम57 माइक स्पीकरच्या जाळीला टेकवून ठेवा की, तुमच्याकडे कदाचित बँडच्या काळातला असेलही.

खोट्या-खऱ्याचं म्हणाल तर तुम्ही फेस्ताला वाजवायचात त्याच्याही आधी, 1960 च्या दशकात, अमेरिकेत डेट्रॉइटला मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत गिटार आणि बेस सरळ कन्सोलला, म्हणजे मिक्सिंगच्या टेबलाला, लावून रेकॉर्ड व्हायचे. 1989 ला सॅन्सॲम्प नावाचा छोटा पेडल आला जो ॲम्प-स्पीकरची नक्कल करून सरळ टेबलात जायचा, 1998 ला लाइन 6 चं ते लाल राजम्याच्या आकाराचं पॉड आलं. आपण रेडिओवर ज्यावर माना डोलावल्या त्यातलं बरंच ॲम्पशिवायचं होतं. तुमच्या ॲम्पवर कापड घालून ठेवा, विकू मात्र नका.

कोल्हापूर: माझ्याकडे फक्त फोन आहे. आणि दुसरं, एकच टेक (एकदा वाजवून घेतलेलं रेकॉर्डिंग) कॉपी करून डावीकडे-उजवीकडे टाकला तरी आवाज जाड का होत नाही?

फोनचं पटकन. आयफोन असेल तर गॅरेजबँड फुकट आहे, ॲम्प त्यातच आहेत, वर सांगितलेले डबे योग्य त्या ॲडॉप्टरने चालतात, फोन म्हणाला की यंत्र फार करंट खातंय तर मध्ये स्वतःचा चार्जर असलेला यूएसबी हब घाल. अँड्रॉइडवर ओटीजीने डबा ओळखला जातो पण उशीर फोनगणिक वेगळा, म्हणून तिथे डायरेक्ट मॉनिटर चालू करून कोरी गिटार रेकॉर्ड कर आणि ॲम्प नंतर कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर लाव. कोऱ्या आवाजावर वाजवायला मजा येत नाही, मान्य.

कॉपीचं असं, की डावीकडे आणि उजवीकडे अगदी तेच असेल तर कानाला ते मधोमध एकच गिटार वाटतं, फक्त मोठी. रुंदी येते ती फरकातून, पिक दोन मिलिसेकंद आधी पडली, तार जरा जास्त दाबली गेली, असल्या गोष्टींतून, म्हणून तोच तुकडा दोनदा वाजवावाच लागतो. जमलं तर दुसऱ्या वेळी पिकअपचा स्विच बदल किंवा दुसरा ॲम्प लाव, आणि गेन अजून थोडा उतरव, दोन मिळून तो आपोआप जास्त वाटतो. दुसरा टेक वाजवताना पहिला हेडफोनमध्ये बारीक ठेव आणि ड्रमकडे कान ठेव, नाहीतर तू पहिल्या टेकच्या चुकांच्या मागे मागे वाजवत जातोस आणि दोन्ही मिळून गाडी स्टेशनाच्या पुढे जाऊन थांबते.